सायलेन्सर, कान आणि घड्याळ : ४५ सीसीच्या चेन सॉच्या प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२५

मशीन वर्कशॉपचंच, ठेक्याच्या कामावर आणि मधूनमधून भाड्याने जाणारं. ४५.४ सीसी, बोअर ४२.५ मिमी, स्ट्रोक ३२ मिमी, कागदावर २.३ किलोवॅट. जाणकाराला एवढ्यावरून मॉडेल कळेल. २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते, या दोन वादळांनंतर कोकणातल्या वाडीवाडीत जी मशीनं आली त्यांतलंच हे एक.

तक्रार नेहमीची. फांद्यांना उत्तम, पण आकेशियाच्या बुंध्यात बार (चेन ज्याभोवती फिरते ती पट्टी) पुरता बुडाला की बसतं, जरा उचलून घ्यावं लागतं. फेब्रुवारीपासून आकेशियाच्या तोडीचा ठेका आहे, त्याआधी सायलेन्सर मोकळा करून, म्हणजे धुराला बाहेर पडायला जास्त वाट देऊन, बघायचा आहे. त्याने ताकद किती वाढते, तर व्हिडिओत कोणी वीस टक्के सांगतो, कोणी तीस. हे टक्के बहुतेक कानाने मोजलेले असतात. इथे घड्याळ लावायचं.

मूळ सायलेन्सरला हात लावणार नाही. त्याच मापाचा दुसरा मागवला आहे, कापाकापी त्याच्यावर.

आज फक्त तब्येत तपासली. थंड इंजिनावर कॉम्प्रेशन १५० पीएसआय. दोन्ही पोर्ट (मिश्रण आत येण्याचं आणि धूर बाहेर जाण्याचं तोंड) बंद करून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, अर्धा बार हवा भरली, काटा जागचा हलला नाही. हे आधी बघायलाच हवं. कुठलं तरी सील हवा खेचत असेल तर मिश्रण आधीपासूनच पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) असतं, त्यावर सायलेन्सर मोकळा केला की पिस्टन गेलाच म्हणून समजा.

११ जानेवारी

मोजमापाची व्यवस्था लावली. आकेशियाचा ताजा ओंडका चारी बाजूंनी तासून २० बाय २० सेंटिमीटरचा चौकोनी केला, घोडीवर आवळला. गोल लाकूड चालत नाही, प्रत्येक कापाला जाडी बदलते. चेन ताजी घासलेली, टाकी अर्धी, इंजिन गरम. मशीनला वरून दाबायचं नाही, स्वतःच्या वजनाने उतरू द्यायचं. वेळ मोबाइलच्या व्हिडिओवरून, चेन लाकडाला लागल्यापासून चकती खाली पडेपर्यंत. बरेच काप घेऊन मधला आकडा धरायचा; सगळ्यात चांगला आकडा निवडायचा मोह होतो, तो टाळायचा. रेसचं बटण मशीन चालवणाऱ्या बाबलच्या हातात, मोबाइल माझ्या.

आजचा आकडा: १२.६ सेकंद. मोकळ्या हवेत पूर्ण रेस १२,८०० आरपीएम.

टॅकोमीटर (फेरे मोजणारं यंत्र) प्लगच्या वायरभोवती गुंडाळायचा, साधा. त्यात किती फेऱ्यांमागे एक ठिणगी हे आधी निवडावं लागतं. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला एक. फोर-स्ट्रोकच्या सेटिंगवर राहिला तर आकडा भलताच दिसतो आणि माणूस स्क्रू उगाच पिळत बसतो.

१२ जानेवारी

नवा सायलेन्सर अजून आलेला नाही. तोवर जुन्याची जाळी काढली.

ठिणग्या अडवणारी ही जाळी म्हणजे बाहेरच्या तोंडावर बसवलेला बारीक तारेचा तुकडा, भोकं अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. दिव्यासमोर धरली तर उजेड फक्त एका कडेने. बाकी सगळ्यावर काळा, चकचकीत, नखाने न निघणारा थर. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल जास्त घातलं की मशीन जास्त जगतं, अशी समजूत असलेल्यांकडे हे मशीन भाड्याने जाऊन आलं आहे. गॅसच्या शेगडीवर लाल होईपर्यंत तापवली, थंड झाल्यावर पितळी ब्रश मारला. कार्बन पापुद्र्यासारखा सुटला.

तीच चेन, तोच ओंडका, कार्बच्या (कार्ब्युरेटरच्या) स्क्रूला हात नाही: १०.९ सेकंद.

म्हणजे १२.६ वरून १०.९. तेरा टक्के वेळ वाचला आणि अजून ड्रिल मशीन कपाटातून बाहेर आलेलं नाही. ‘सायलेन्सर मोकळा केला आणि मशीन उडायला लागलं’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी प्रत्यक्षात बुजलेली जाळी काढून फेकली असेल, याची आता शंका येते. यापुढची तुलना सगळी १०.९ शी. १२.६ धरून टक्के सांगणं म्हणजे स्वतःलाच टोपी घालणं.

१५ जानेवारी

सायलेन्सर आला. आधी हिशेब.

एक्झॉस्ट पोर्टवर कागद दाबून पेन्सिल घासली, छाप मोजला: साधारण २६ मिमी रुंद, ११ उंच, कोपरे गोल. क्षेत्रफळ २७० चौरस मिलिमीटर धरू. सायलेन्सरचं बाहेरचं तोंड ११ मिमी व्यासाचं, म्हणजे ९५ चौरस मिमी. पोर्टच्या जेमतेम एक तृतीयांश, आणि त्यावर परत जाळी.

मशीन दुरुस्त करणाऱ्यांमध्ये एक अंदाज चालतो: बाहेरचं तोंड पोर्टच्या सत्तर ते ऐंशी टक्के असावं, त्यापुढे फक्त आवाज वाढतो. १२ मिमी आतल्या व्यासाची आणखी एक नळी दिली तर ११३ ची भर पडते, एकूण २०८. सत्त्याहत्तर टक्के. बस झालं.

‘टू-स्ट्रोकला बॅक प्रेशर लागतंच’ हे वाक्य या कामात रोज कानावर येतं. त्याचं मूळ बहुधा यामाहाच्या आरएक्स १०० मोटरसायकलच्या काळात आहे. त्या गाडीची पुंगळी काढली की आवाज वाढायचा आणि खालचा पिकअप मरायचा, हे आमच्या पिढीतल्या प्रत्येकाने पाहिलं आहे. पण तिथे काम करत होती ती दाबाची लाट. त्या सायलेन्सरचा आकार आधी फुगत जाणारा आणि मग निमुळता, त्यामुळे बाहेर गेलेली लाट आपटून मागे येते आणि पोर्टमधून निसटू पाहणारं ताजं मिश्रण परत सिलिंडरमध्ये ढकलते. लांबी-व्यास बिघडला की लाटेची वेळ चुकते. चेन सॉचा सायलेन्सर म्हणजे पत्र्याची डबी. तिला असा सूर लावलेलाच नसतो. तिच्यातला अडथळा जळालेला वायू सिलिंडरमध्ये अडवून ठेवतो, तेवढी ताज्या मिश्रणाची जागा जाते. म्हणून इथे मोकळं केल्याचा फायदा होतो, तिथे तोटा व्हायचा.

२० जानेवारी

भोक, नळी, वेल्डिंग.

नळी पुढच्या पत्र्यावर, तोंड पुढे आणि किंचित उजवीकडे. जागा ठरवायलाच जास्त वेळ गेला. वाफारा हँडलच्या गार्डवर येता कामा नये, प्लास्टिक मऊ होतं. बारवर आला तर चेनचं तेल जळतं. खाली केला तर कापताना पालापाचोळ्यावर फुंकर.

जाळीचा प्रश्न वेगळा. १२ मिमीच्या तोंडावर थेट जाळी लावली तर तारांनीच निम्मी जागा खाल्ली, मग नळी कशाला दिली? म्हणून नळीचं आतलं टोक २० मिमीपर्यंत नरसाळ्यासारखं पसरवलं आणि जाळी तिथे बसवली. २० मिमीचे ३१४ चौरस मिमी, त्यातले निम्मे तारांत गेले तरी १५७ उरतात, नळीच्या ११३ पेक्षा जास्तच. जाळी स्प्रिंगच्या रिंगने अडकवली आहे, साफ करायला बाहेर काढता येते.

पत्रा मिलिमीटरहून पातळ. आर्कने भोक पडणार हे दिसतच होतं. नाक्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे गॅसवर पितळ भरून घेतलं. त्याने आधी विचारलं, “बुलेटचा आहे का?” नाही म्हटल्यावर त्याचा रस गेला, पण काम सुबक केलं.

यानंतरचा भाग लोक गाळतात. आतला लोखंडी कीस आणि जळका थर शेवटच्या कणापर्यंत बाहेर काढायचा. टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्टची हवा फक्त बाहेर जात नाही, झटक्याझटक्याने मागेही येते, आणि तिच्याबरोबर कीस पोर्टमधून सिलिंडरमध्ये जाऊ शकतो. रॉकेल, हवेचा झोत, चुंबक, परत रॉकेल. फडक्यावर आपटून काही पडत नाही असं दिसल्यावरच थांबलो.

२३ जानेवारी

नवा सायलेन्सर चढवला, कार्ब मुद्दाम जसा होता तसाच ठेवला. एका वेळी एकच बदल.

चालू केल्याबरोबर बाबल खूश. “दादानू, आता खरो आवाज इलो!” कुंपणापलीकडून दोघे बघायला आले. त्यांचंही मत तेच: मशीन दुप्पट झालं.

घड्याळ: १०.८ सेकंद. जुन्या सायलेन्सरवर १०.९.

मोकळी रेस मात्र १३,९०० च्या वर चढली आणि चढतच होती. १४,००० ही या मशीनची कमाल मर्यादा. आवाजही बदललेला, कोरडा, टोकदार. हा ताकदीचा आवाज नव्हे. हवा जास्त जाते आहे, पेट्रोल सोडणारा जेट तेवढाच आहे, मिश्रण पातळ झालं आहे. टू-स्ट्रोकमध्ये पातळ मिश्रणाचा अर्थ दुहेरी: उष्णता वाढते आणि ऑइल पेट्रोलमधूनच येत असल्याने वंगणही कमी पडतं. तिथल्या तिथे बंद केलं.

आजच्या दिवसाचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. चार माणसांच्या कानांना दुप्पट, घड्याळाला एक दशांश सेकंद.

२४ जानेवारी

ट्यूनिंगला बसण्याआधी पेट्रोल बघितलं. मोजपात्रात २० मिली पाणी, ८० मिली पंपावरचं पेट्रोल, हलवून ठेवून दिलं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं. खालचा थर २० वरून ३६ पर्यंत आला. ८० मध्ये १६, म्हणजे वीस टक्के. ई-२०च आहे.

याचा इथे थेट संबंध आहे. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. ई-२० चं प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. त्याच जेटमधून ई-२० गेलं तर मिश्रण आपोआप सात-आठ टक्के पातळ. म्हणजे शुद्ध पेट्रोलवर लावलेलं मशीन सायलेन्सरला हात लावण्याआधीच एक पाऊल धोक्याकडे सरकलेलं असतं. बहुतेक उत्पादक अशा इंजिनांना दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल सांगतात. आपल्याकडे पंपावर जे मिळतं ते वीस. मग निदान मिश्रण ताजं करायचं, कॅनचं झाकण घट्ट ठेवायचं (इथेनॉल हवेतली ओल ओढतं) आणि काम संपलं की टाकी रिकामी.

ऑइल ५० ला १, लिटरला २० मिली. यात हौस नको.

कार्बच्या हाय स्क्रूवर (पूर्ण रेसला किती पेट्रोल जाईल ते ठरवणारा) प्लास्टिकची टोपी असते, तिच्यामुळे तो ठरावीक टप्प्यापलीकडे उघडत नाही. ती काढावी लागली. मूळ जागेची खूण आधीच पांढऱ्या रंगाने करून ठेवली. मग पूर्ण रेसवर स्क्रू थोडा थोडा उघडत गेलो. एका जागी आवाजाची धार गेली आणि मधूनच एखादा ठोका गाळल्यासारखी भरड फडफड सुरू झाली. १२,६०० आरपीएम. लाकडात घातल्यावर फडफड लगेच थांबली पाहिजे आणि आवाज सलग झाला पाहिजे. उचललं की परत फडफड. लोडवरही फडफडत राहिलं तर जास्त जाड झालं. इथे बरोबर थांबली.

पोर्टमधून टॉर्च टाकून पिस्टनचं डोकं बघितलं. ट्रान्सफरच्या, म्हणजे ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये येतं त्या, बाजूंना धुतल्यासारखे ओले, स्वच्छ डाग. हवे तसे.

घड्याळ: ९.९ सेकंद.

१०.९ वरून ९.९, नऊ टक्के. आणि त्यातला जवळपास सगळा स्क्रू फिरवल्यावर आला. भोक पाडल्याने फक्त वाव तयार झाला होता.

वेळेपेक्षाही हाताला जो फरक कळतो तो वेगळाच: बार पुरता बुडवल्यावर मशीन आता बसत नाही. मूळ तक्रार तीच होती.

२ फेब्रुवारी

संध्याकाळी, दिवे मालवून, जाळी काढून चालवलं. फक्त बघायला.

रेस दिली की नळीच्या तोंडातून नारिंगी ठिपके सुटतात. सतत नाही. दोन-तीन क्षण काही नाही, मग एकदम चार-पाच, हातभर अंतरावर जाऊन विझतात. एक मात्र सिमेंटच्या कोब्यावर पडून तिथेच लाल राहिला, मोजून तीन अंक म्हणेपर्यंत. दिवसा यातलं काहीही दिसत नाही.

फेब्रुवारी ते मे आपल्याकडे सड्यावरचं गवत कसं असतं हे सांगायला नको. काजूच्या आणि कलमांच्या बागा दरवर्षी जळतात आणि प्रत्येक वेळी बिडीचं नाव होतं. जाळी परत बसवून मोजलं, वेळेत धरण्यासारखा फरक नाही. त्यामुळे जाळी काढून चालवायला एकही कारण उरत नाही.

९ फेब्रुवारी

ठेका सुरू. मशीन दिवसभर चाललं, तक्रार नाही. तक्रार कानांची.

मोबाइलच्या ॲपवर खऱ्या डेसिबलचा भरवसा धरता येत नाही, पण त्याच फोनवर, त्याच जागी, आधी आणि नंतर यातला फरक उपयोगी आहे. चालवणाऱ्याच्या कानाशी पाच डेसिबलने वाढ. ऐकायला किरकोळ वाटते. कानाचं गणित असं: ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. १०० ला पंधरा मिनिटं. चेन सॉ मुळातच त्या आसपास असते, म्हणजे वाढलेले पाच डेसिबल पंधरा मिनिटांचे पाच करतात.

दुपारी बाबलला जेवायला हाक मारली. दुसऱ्यांदा. मग जवळ जाऊन. “काय तां? आयकाक येना नाय माका.” इअरमफ गळ्यात होता, कानावर नव्हता. घाम येतो म्हणे. उद्यापासून मफ कानावर नसेल तर मशीन हातात नाही, असं स्पष्ट सांगितलं.

आणखी एक परिणाम: पलीकडच्या डोंगरावरून फोन आला, तोड कुठे चालली आहे म्हणून. परवान्याशिवाय झाडं पाडणाऱ्यांना हा सायलेन्सर परवडणारा नाही.

१७ फेब्रुवारी

दुरुस्तीला एक लहान मशीन आलं, तीस-बत्तीस सीसीचं. दोरी ओढली तर हलत नाही. सायलेन्सरला कोणीतरी ड्रिलने ओळीने भोकं पाडलेली, जाळी गायब. मालकाचं म्हणणं, दोन दिवस रॉकेटसारखं चाललं.

सायलेन्सर काढून पोर्टमधून बघितल्यावर पुढचं विचारायची गरज पडली नाही. पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे, रिंग खाचेत चिकटलेली. इनटेकची बाजू मात्र स्वच्छ, मूळचे मशीनिंगचे आडवे व्रणसुद्धा दिसतात. बिनऑइलचं पेट्रोल घातलं असतं तर ओरखडे चारी बाजूंनी असते. एकाच बाजूला, तेही गरम बाजूला, म्हणजे पातळ मिश्रण.

खरी मेख कार्बमध्ये. या लहान मशीनच्या कार्बला हाय स्क्रूच नाही, मेन जेट ठरावीक मापाचा. हवा वाढवली तरी पेट्रोल वाढवायला मार्गच नाही. अशा मशीनच्या सायलेन्सरला ड्रिल लावायचं नाही, विषय संपला. महागड्या मशीनमध्ये कॉम्प्युटरवर चालणारा कार्ब असतो, तो स्वतः जुळवून घेतो. त्यांची गोष्ट निराळी.

सिलिंडर वाचला. भिंतीला चिकटलेलं ॲल्युमिनियम कापसाच्या बोळ्यावर ॲसिड घेऊन थेंबाथेंबाने विरघळवलं, खालचं कठीण कोटिंग शाबूत होतं. पिस्टन, रिंग आणि सायलेन्सर नवा.

६ मार्च

सायलेन्सरचा एक नट सैल. पहिल्या काही तापण्या-निवण्यानंतर हे होतंच, गॅस्केट दबते. आवळला. गरम असताना हात लावायचा नाही, रोज सकाळी थंडपणी पाना लावून बघायचं.

पेट्रोल जास्त जातं. टाकी ०.४७ लिटरची, पूर्वीपेक्षा लवकर रिकामी होते. पण लाकूडही तेवढं जास्त पडतं, त्यामुळे ढिगामागे खर्च जवळपास तोच.

२२ मार्च

आज सायलेन्सरचं काहीच नाही, पण आकडा इथेच लिहायला हवा.

चेनचे दात रोज घासले जातात, पण दातापुढची ती ठेंगणी खूंट, जी दात लाकडात किती खोल जाईल ते ठरवते, ती कोणी घासत नाही. दात घासून घासून खाली येतो, खूंट तिथेच राहते, मग दात लाकडावरून नुसता सरकतो. पट्टी लावून बघितली तर फरक ०.४ मिमीच. सगळ्या चपट्या कानसीने ०.६५ वर आणल्या. अर्धा तास बसून.

घड्याळ: ८.८ सेकंद.

९.९ वरून ८.८, अकरा टक्के. वेल्डिंगवाला नको, टॅकोमीटर नको, कान शाबूत. भुशाचे आता लांब, जाड छिलके पडतात, आधी पीठ पडत होतं. एक मात्र खरं: मूळ सायलेन्सरवर खूंट एवढी खाली घेतली असती तर आकेशियात चेन अडकून मशीन परत बसलं असतं. दोन्ही एकमेकांना धरून आहेत.

२८ मे

यंदा पाऊस मे महिन्यातच कोसळला, २५ ला तर मान्सूनच तळकोकणात दाखल. गेला आठवडा रस्त्यावरची झाडं काढण्यात गेला. आंबा, फणस, दोन ठिकाणी सुरूची झाडं. आंब्याचं ओलं खोड बार बुडवून कापताना मशीन एकदाही बसलं नाही. पावसात नळीतून आत पाणी जाईल ही भीती होती. तोंड खाली ठेवून झाकलं की पुरतं.

आज जाळी काढून बघितली. चौथा हिस्सा बुजलेला. मिश्रण जाड ठेवल्याची ही किंमत, जाळी पूर्वीपेक्षा लवकर साफ करावी लागणार.

भाड्याने जाताना मूळ सायलेन्सर चढवायचा आणि हाय स्क्रू पांढऱ्या खुणेवर आणायचा, हे ठरवून टाकलं. नेणारा कुठलं पेट्रोल, किती ऑइल घालेल ते आपल्या हातात नसतं. उघडलेला सायलेन्सर फक्त स्वतःच्या ठेक्यावर, बाबलच्या हातात, मफ कानावर असेल तेव्हा. कपाटात त्याच्या खोक्यावर मार्करने तसं लिहून ठेवलं आहे.